डॅशबोर्डवरची रिकामी जागा

देशातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक 2010 मध्ये बदलले. त्याआधी क्रमांक 7 चा महामार्ग सर्वांत लांब होता. तो वाराणसीला सुरू होऊन रीवा, जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर असा खाली उतरत 2,369 किलोमीटरवर कन्याकुमारीला संपत असे. विदर्भातली माणसे स्वतःची गाडी घेऊन काशीला निघाली की आजही त्याच वाटेने जातात. नागपूर सोडले की सिवनी, मग जबलपूर, रीवा, मिर्झापूर आणि गंगा. इतक्या लांबच्या प्रवासात हाताशी लागणाऱ्या वस्तू दर तासाला वाढत जातात. मोबाइल, चार्जरची वायर, चष्मा, पाण्याची बाटली, औषधाची पाकिटे, आणि परतताना अंगारा, कापूर, प्रसादाचा पुडा, गंगाजलाचा सीलबंद गडू. कारखान्यातून आलेले कप्पे केव्हाच भरून जातात आणि उरलेले सगळे समोरच्या सपाट डॅशबोर्डवर जाऊन बसते. पुढच्या खेपेला निघायच्या आधी एखादा ट्रे किंवा खण बसवून घ्यावा असे वाटणे अगदी साहजिक आहे, आणि बाजारात असे ट्रे रगड मिळतात. ते बसवताना मात्र गाडीची जी हानी होते ती बहुधा कायमची असते, आणि ती टाळणे कठीण नाही. त्यासाठी एकच गोष्ट आधी पटावी लागते. डॅशबोर्डवर जी जागा रिकामी दिसते ती रिकामी नसते. खरी रिकामी जागा वेगळ्याच ठिकाणी असते, आणि ती शोधली की भोक पाडण्याची गरज पडत नाही.

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पायांपुढे एक फळी असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आणि शिंतोडे अडवणे एवढेच तिचे काम. वाराणसीच्या रस्त्यांवर एक्के आणि टांगे धावत होते त्या काळात या फळीमागे खरोखर काहीच नव्हते. मोटार आली, इंजिन पुढे गेले, आणि फळीवर घड्याळे, काटे, बटणे चढली. तरीही बराच काळ तिच्या आत पोकळीच होती, म्हणून जुन्या गाड्यांना सताड उघडे फडताळ देणे सोपे जाई. 2009 साली आलेली टाटा नॅनो आठवून पाहा. वेग आणि इंधन दाखवणारे काटे तिच्या मधोमध होते आणि दोन्ही बाजूंना उघडे खोलगट कप्पे. स्वस्त गाडीतली ती एक शहाणी योजना होती. पण त्या गाडीत डाव्या प्रवाशासमोर एअरबॅग नव्हती, म्हणून ती जागा कप्प्याला देता आली. आपल्याकडे चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून आणि शेजारच्या प्रवाशाची 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. म्हणजे पूर्वी जिथे फडताळ शोभले असते तिथे आता घडी घातलेली पिशवी आणि ती फुगवणारे यंत्र बसलेले असते. वरून दिसतो तो नुसता सपाट, खरखरीत, ट्रे ठेवायला अगदी सोयीचा वाटणारा पृष्ठभाग.

या पृष्ठभागाखालची यंत्रणा कशी चालते हे समजल्याशिवाय तिथे काय ठेवू नये हे मनापासून पटत नाही. जोराची धडक जाणवली की साधारण एक तीसांश सेकंदात पिशवी फुगते. पापणी मिटायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पिशवी बाहेर येण्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या घरात असू शकतो. पिशवीवरचे प्लास्टिक ठरावीक रेषेवर फाटावे म्हणून ते आतल्या बाजूने मुद्दाम पातळ केलेले असते, आणि बहुतेक गाड्यांत ही रेषा बाहेरून दिसतही नाही. तिथे चिकटवलेला ट्रे, चष्म्याची पेटी, पितळी मूर्ती यांपैकी काहीही असो, ते पिशवीसोबत काचेकडे किंवा प्रवाशाच्या चेहऱ्याकडे फेकले जाते. मूर्तीचा विषय नाजूक आहे आणि तो टाळून चालणार नाही, कारण काशीहून येताना विश्वनाथाची किंवा अन्नपूर्णेची छोटी मूर्ती घेऊन ती गाडीत बसवणारी घरे पुष्कळ आहेत. या श्रद्धेला हात लावण्याचे काही कारण नाही. पण हिशेब पाहावा. गाडी ताशी 50 किलोमीटरने जात असताना एकदम थांबली, तर सुटी मूर्ती त्याच वेगाने पुढे जात राहते. अर्धा किलोची मूर्ती दहा मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडावी तेवढा तो आघात असतो. हलकी, रबरी किंवा कापडी प्रतिमा मधल्या भागात, एअरबॅगच्या रेषेपासून दूर आणि काचेच्या खालच्या कडेपेक्षा बुटकी बसवली, तर भक्तीही राहते आणि लेकराचे डोकेही राहते.

आता उन्हाचा विचार करू. काशीच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचा आहे. गोदौलियाच्या पुढे दशाश्वमेधाकडे आणि विश्वनाथाकडे माणसे पायीच जातात. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या जुन्या मराठी वस्तीच्या गल्ल्यांत तर चारचाकी शिरूच शकत नाही. गाडी दूर कुठेतरी उघड्यावर लावायची आणि स्नान, दर्शन, श्राद्धविधी उरकून संध्याकाळी परत यायचे, हाच क्रम. मे महिन्यात वाराणसीचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, तसल्याच रखरखीत उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांची मोजमापे 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. बाहेर 38 अंशांच्या वर तापमान असताना तासाभरात गाडीतली हवा सरासरी 47 अंशांवर गेली, सीट 51 वर, स्टिअरिंग 53 वर, आणि डॅशबोर्ड 69 अंशांवर. सावलीत उभ्या गाडीचा डॅशबोर्ड मात्र 48 अंशांच्या आसपास राहिला. गाडीतली सर्वांत तापणारी जागा डॅशबोर्ड असते हे त्यातले लक्षात ठेवायचे. समोरच्या तिरक्या मोठ्या काचेतून ऊन थेट त्याच्यावर पडते, तो गडद रंगाचा असतो, आणि ती उष्णता बाहेर जायला वाट नसते.

या 69 अंशांत काय काय होते ते एकेक पाहण्यासारखे आहे. हल्ली थ्रीडी प्रिंटरवर कुणीही हव्या त्या मापाचा ट्रे छापून देतो, पण त्यासाठी बहुतेक जण पीएलए नावाचे प्लास्टिक वापरतात आणि ते 60 अंशांच्या सुमाराला मऊ पडते. घरी उत्तम बसलेला ट्रे काशीच्या वाहनतळावर दुपारभरात वाकतो. त्याऐवजी एबीएस प्लास्टिकचा ट्रे घ्यावा, तो 100 अंशांपर्यंत आकार टिकवतो. दुसरा घोटाळा न घसरणाऱ्या लवचीक चटईचा. मोबाइल ठेवायला मिळणाऱ्या या चटया पुष्कळदा मऊ पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते, आणि उन्हात ते हळूहळू झिरपून खालच्या प्लास्टिकमध्ये उतरते. दोन उन्हाळ्यांनी चटई उचलली तर तिच्या आकाराचा चकचकीत, चिकट डाग राहतो आणि तो कशानेही जात नाही. भोक न पाडताही डॅशबोर्ड असा खराब होतो, म्हणून "आम्ही काही ठोकले नाही, नुसते ठेवले" एवढ्यावर निर्धास्त राहू नये. चटई वापरायचीच असेल तर सिलिकॉनची घ्यावी आणि आठवड्यातून एकदा उचलून पुसावी. आणि मुळात या जागी काय ठेवायचे याला मर्यादा आहे. सिगारेटच्या लायटरवरच 50 अंशांपेक्षा अधिक उष्णतेत ठेवू नये असे छापलेले असते. पॉवर बँकेतली लिथियमची बॅटरी 60 अंशांच्या पुढे धोक्याच्या हद्दीत जाते. काशीहून घेतलेला कापूर तर ज्वलनशील, त्याची वाफ बंद गाडीत साठते. या तिन्ही वस्तूंची जागा डॅशबोर्डवर नाही, कितीही सुंदर खण केला तरी नाही.

मग स्क्रू मारून ट्रे बसवण्यात नेमके वाईट काय? पहिले उत्तर सर्वांना सुचते, की आत वायरिंग असते. ते खरेच आहे. एसीच्या हवेच्या नळ्या, काट्यांच्या तारांचे जुडगे, एअरबॅगची पिवळ्या वेष्टनातली तार, हे सगळे दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिकच्या मागे असते आणि ड्रिलच्या टोकाला ते दिसत नाही. पण आत काहीही नसते तरी भोक वाईटच ठरले असते. पदार्थाच्या पट्टीवर ताण आला की गोल भोकाच्या कडेला तो तिप्पट होतो. हा नियम 1898 मध्ये कीर्श या जर्मन अभियंत्याने गणिताने मांडला आणि तो आजही प्रत्येक यंत्रशाळेत शिकवला जातो. भर रस्त्यावरचे हादरे त्या तिप्पट ताणावर दिवसरात्र बसतात. शिवाय उष्णतेने प्लास्टिक लोखंडापेक्षा कितीतरी अधिक पसरते. 30 सेंटिमीटर लांबीचे एबीएस 50 अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांबते, तर तेवढीच लोखंडी पट्टी मिलिमीटरचा पाचवा हिस्साही लांबत नाही. दोन टोकांना घट्ट स्क्रूने आवळलेल्या लोखंडी पट्टीखाली प्लास्टिकला पसरायला वाव उरत नाही, मग ते भोकाच्या कडेपासून चिरत जाते. जानेवारीत काशीची पहाट आठ-दहा अंशांवर असते आणि मेमध्ये डॅशबोर्ड सत्तरीला टेकतो. असे एक-दोन वर्षांचे चक्र झाले की केसाएवढी चीर दिसू लागते. चीर पडलेला डॅशबोर्ड भरून काढता येत नाही, अख्खा बदलावा लागतो, आणि तो बदलायचा म्हणजे स्टिअरिंगपासून काचेपर्यंत सगळा पुढचा भाग उचकटावा लागतो.

भोक नको म्हटले की लोक डबल टेपकडे वळतात. हा मार्ग योग्य आहे, फक्त तो घाईने केला तर फसतो आणि मग दोष टेपला दिला जातो. टेप चिकटते ती पृष्ठभागाशी तिचा गोंद किती जवळ जातो त्यावर. डॅशबोर्ड पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, आणि हे प्लास्टिक स्वभावतःच कुणाला चिकटू देत नाही. परीक्षा सोपी आहे. पाण्याचा थेंब टाकावा. तो पसरला तर टेप धरेल, मोत्यासारखा गोल राहिला तर त्या जागी आधी प्रायमर लावावा लागेल किंवा दुसरी जागा शोधावी लागेल. त्याहून मोठा शत्रू म्हणजे गाडी धुणाऱ्याने लावलेले चकाकी आणणारे पॉलिश. त्यात सिलिकॉन असते आणि त्याच्यावर काहीही टिकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे निम्मे घेऊन ती जागा दोनदा पुसावी. हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. थिनर आणि पेट्रोल तर मुळीच नको, त्यांनी एबीएसला बारीक बारीक तडे जातात. झटपट चिकटणारा सुपरग्लूही नको, त्याच्या वाफेने भोवतालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी बुरशी धरल्यासारखे डाग पडतात. टेप ॲक्रेलिक फोमची, थोडी जाड घ्यावी, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाच्या खोलगटीतही ती पोचते. अशा टेपचा गोंद दाबल्यावर वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि बहात्तर तासांत पूर्ण ताकद धरतो. सकाळी निघायचे आणि रात्री टेप लावायची, यात टेपचा दोष नाही. किती टेप लागेल याचाही ठोकताळा आहे, एक किलो वजनाला 55 ते 60 चौरस सेंटिमीटर. म्हणजे सामानासह अर्धा किलो होणाऱ्या ट्रेला 30 चौरस सेंटिमीटर टेप लावली की पुष्कळ झाले. काढताना ओढू नये. केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करावी, मासे धरण्याच्या गळाची नायलॉनची दोरी मागून करवतीसारखी फिरवावी, आणि उरलेला गोंद अंगठ्याने घोळून काढावा.

पण टेपसुद्धा दुसऱ्या क्रमांकाचाच उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे कारखान्याने आधीच करून ठेवलेल्या जागा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीत रेडिओची आयताकृती खाच असते. तिचे माप जगभर एकच, सुमारे 18 सेंटिमीटर रुंद आणि 5 उंच, आणि दुप्पट उंचीची असेल तर 10. हे माप जर्मनांनी ठरवले आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले, म्हणून कुठल्याही कंपनीच्या रेडिओऐवजी त्याच मापाचा खण तिथे सरकतो आणि मूळच्याच पट्ट्यांत अडकतो. ज्यांनी रेडिओ सोडून मोबाइलवर गाणी ऐकायला सुरुवात केली त्यांच्या गाडीत हा उत्तम, सावलीतला, एअरबॅगपासून दूरचा कप्पा आयता पडून आहे. नव्या गाड्यांत मोठ्या पडद्याने ती खाच गिळली, पण तिथे सांधे उरले आहेत. डॅशबोर्ड एकसंध नसतो. तो बऱ्याच तुकड्यांचा असतो आणि दोन तुकड्यांमधल्या फटीत पातळ जिभेची क्लिप शिरवून तिच्यावर मोबाइल किंवा चष्मा सहज पेलता येतो. तिसरी जागा मूळच्या स्क्रूंची. गिअरच्या बाजूच्या खोक्यात किंवा पायांच्या वर असे स्क्रू असतात, ते काढून त्याच भोकातून पट्टी अडकवून पुन्हा घट्ट करायचे. पट्टी दोन मिलिमीटर जाड असेल तर स्क्रूही मूळच्यापेक्षा दोनच मिलिमीटर जास्त लांब घ्यावा. हाताला मिळेल तो लांब स्क्रू पिळला की त्याचे टोक मागच्या तारेत रुतते. एसीच्या जाळीला लटकवायचे आकडे मात्र टाळलेले बरे. त्या जाळीच्या पट्ट्या हवा वळवण्यासाठी केलेल्या असतात, वजनासाठी नाही, आणि त्यांतली एक तुटली की अख्खी जाळी बदलावी लागते. खाली पायांजवळ खण करायचा असेल तर त्याला उंच काठ हवा. सुटलेली बाटली ब्रेकच्या पॅडलखाली गेली तर ब्रेक लागत नाही.

वाराणसीत हा प्रश्न चारचाकीपेक्षा ई-रिक्षात अधिक तीव्र आहे, आणि त्यावर फारसे कुणी लिहीत नाही. या वाहनाचा एक धागा महाराष्ट्रात फलटणला पोचतो. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या सायकलरिक्षावर काम केले, देशात ई-रिक्षा हा शब्दही रुळला नव्हता तेव्हा. 2015 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षा कायदेशीर झाली. चार प्रवासी, 40 किलो सामान आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा अशी तिची चौकट आहे. या रिक्षाच्या पुढच्या भागात चालकाला काय मिळते? बहुधा पत्र्याचा किंवा फायबरचा एक पडदा, किल्लीची जागा, दोन-तीन बटणे, बॅटरी किती उरली ते सांगणारा काटा. दिवसभराची सुटी नाणी आणि नोटा, पाण्याची बाटली, डबा, फडके, मोबाइल, कागदपत्रे हे सगळे त्याने कुठे ठेवायचे याचा विचार रिक्षा बनवणाऱ्याने केलेला नसतो. मग तो स्वतः पत्र्याला भोक पाडून गल्ल्याची पेटी ठोकतो. गाडीच्या मालकापेक्षा त्याचे नुकसान मोठे आहे, कारण त्याचे पोट त्या वाहनावर आहे.

ई-रिक्षाच्या पुढच्या पडद्यामागून बॅटरीच्या तारा जातात. बहुतेक जुन्या रिक्षांत सीटखाली 12 व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या असतात, मिळून 48 व्होल्ट. एवढ्याने माणसाला सहसा जबर धक्का बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर असतात. पण अशा बॅटऱ्यांचे दोन ध्रुव स्क्रूने जोडले गेले तर शेकडो अँपियरचा प्रवाह धावतो, तार लाल होते आणि तिच्यावरचे वेष्टन पेटते. आगीची गोष्ट बाजूला ठेवली तरी गंज चुकत नाही. पत्र्याला पाडलेल्या भोकाची कड ही रंग नसलेली कड असते. वाराणसीच्या पावसात आणि दमटपणात ती कड एका पावसाळ्यात तांबूस होते, आणि गंज रंगाखालून पसरत जातो. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. ई-रिक्षाचा सांगाडा नळ्यांचा असतो, आणि नळी म्हणजे अडकवायला मिळालेली आयती जागा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा नळीभोवती गुंडाळायचा, त्यावर इंग्रजी यू आकाराची पट्टी आवळायची आणि पेटी तिच्यावर बसवायची. रबरामुळे रंग खरवडला जात नाही, हादरेही जिरतात, आणि रिक्षा विकताना पेटी काढून नव्या रिक्षाला लावता येते. पेटी चालकाच्या गुडघ्याला लागणार नाही आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढे मात्र आधी पाहून घ्यावे. जिथे भोक पाडल्याशिवाय गत्यंतरच नाही, तिथे बॅटरीची जोडणी सोडवून, भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमर लावून आणि तारेसाठी रबरी कडे घालूनच काम करावे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि त्यात तथ्य आहे. स्क्रू मजबूत असतो, टेप आणि क्लिप तकलादू, मग सुरक्षिततेच्या दृष्टीने स्क्रूच बरा नाही का? मघाच्याच धडकेचा हिशेब लावू. ताशी 50 किलोमीटरवरून गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली तर वस्तूवर तिच्या वजनाच्या चौदा पट जोर येतो. अर्धा किलोचा ट्रे सात किलोसारखा ओढतो. नीट बसलेल्या 30 चौरस सेंटिमीटर फोम टेपला हा क्षणभराचा ओढा जड नाही, क्षणिक ओढ्याला ती याच्या कितीतरी पट तग धरते. तिला पेलवत नाही ते उन्हात महिनोन् महिने लोंबकळणारे वजन. म्हणजे टेपवरच्या ट्रेमध्ये हलके सामान ठेवावे आणि जड सामान खाली, हा निष्कर्ष निघतो, स्क्रू मारावा हा नाही. उलट स्क्रूने पक्का बसलेला कठीण ट्रे धडकेत जागचा हलत नाही, आणि सीटबेल्ट न लावलेल्या माणसाचे डोके त्याच्या कडेवर आदळते. कठीण लाकडाचेही तेच. बनारसच्या खोजवाँ, कश्मीरीगंज भागात लाकूड कातून लाखेचे रंग चढवणारे कारागीर आहेत. आपल्याकडे सावंतवाडीला हे काम चालते तसेच ते. त्यांच्या हातचे डबे आणि तबके पाहिली की एखादे गाडीत बसवून घ्यावे असे वाटते. ते घरात न्यावे. डॅशबोर्डवर कडा गोल असलेली, दाबली जाणारी, मऊ वस्तूच बरी.

दुसरा आक्षेप मालकीचा. गाडी माझी, भोकही माझे. कायदा इथे आड येत नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे बजावले, पण छोट्या ट्रेने त्या तपशिलांना धक्का लागत नाही. प्रश्न काळाचा आहे. गाडी एका घरात पाच-सात वर्षे राहते आणि पुढे दुसऱ्या घरात जाते. आज मोबाइलच्या मापाचा केलेला खण पुढच्या मोबाइलला पुरत नाही. काढता येणारी वस्तू गरजेबरोबर बदलते, पाडलेले भोक बदलत नाही.

आणि गरज किती उरली आहे तेही तपासावे. गाडीची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये दाखवली तर ती ग्राह्य धरावीत असे केंद्राने 2018 मध्येच कळवले. 16 फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामुळे टोलसाठी सुट्या पैशांची वाटी ठेवायचे कारणही गेले. उरतात मोबाइल, चष्मा, फडके आणि पाणी. गंगाजलाचा गडू, विशेषतः तो रामेश्वरापर्यंत न्यायचा असेल तर, डिकीत मऊ कापडात गुंडाळून उभा ठेवावा. एवढ्याला दोन क्लिपा आणि एक उथळ ट्रे पुरतो.

या सगळ्या खटाटोपाची वेळ वाहनमालकावर येऊ नये हेही तितकेच खरे. युरोपात डासिया या कंपनीने आपल्या गाड्यांत डॅशबोर्डवर आणि इतरत्र ठरावीक आकाराचे आकडे मुळातच दिले आहेत. हवी ती वस्तू त्यांवर अडकवायची आणि नको तेव्हा काढायची. फोर्डच्या ब्राँको गाडीत डॅशबोर्डच्या माथ्यावर उपकरणे बसवण्याची पट्टीच येते. एअरबॅग कुठे आहे, तारा कुठून जातात आणि प्लास्टिक कुठे जाड आहे हे कारखान्याला ठाऊक असते, म्हणून हे काम त्यानेच करणे रास्त. पिंपरी, चाकण आणि वाळूज इथे देशातल्या लाखो गाड्या आणि तीनचाकी तयार होतात. तिथल्या अभियंत्यांनी प्रत्येक डॅशबोर्डमध्ये आटे पाडलेली दोन भोके द्यावीत, त्यांवर रबरी टोपण बसवावे, आणि किती वजन चालेल ते मालकाच्या पुस्तिकेत छापावे. ई-रिक्षा बनवणाऱ्यांनी तर चालकासाठी कुलपाचा एक गल्ला सांगाड्यातच जोडून द्यावा. त्या दोन भोकांचा खर्च गाडीच्या किमतीत दिसणारही नाही.

ते होईपर्यंत ड्रिल हातात घेण्याआधी गाडीची पुस्तिका उघडून एअरबॅगचे पान पाहा, डॅशबोर्डवर पाण्याचा एक थेंब टाका, आणि रेडिओची खाच रिकामी आहे का ते तपासा.